अनावश्यक गप्पा

आधी राग सांगते, माणूस मागून. नाहीतर माणसाबद्दल सांगता सांगता राग निवतो, आणि हा राग मला निवू द्यायचा नाही.

एका रुग्णालयात, कर्करोगाच्या रुग्णांना शिरेतून औषध देतात त्या वॉर्डात, सत्तावीस वर्षं काम केलेल्या एका नर्सच्या हातात छापील कागद ठेवला गेला. त्यावर लिहिलं होतं, 'ड्यूटीच्या वेळेत रुग्णांशी अनावश्यक गप्पा मारणे व बसून काम करणे.' खाली सहीसाठी रेघ. सही केली तर चूक कबूल, ताकीद देऊन प्रकरण बंद. नाही केली तर तळघरात, निर्जंतुक सामानाच्या भांडारात बदली. बाईंच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती.

मी पंचेचाळीस वर्षं रंगमंचावर बोलत आले. कुठलं बोलणं लागतं आणि कुठलं नाटकाच्या अंगावर चरबीसारखं लोंबतं, ते मला अंधारात बसूनही कळतं. आणि तरी सांगते, त्या बाईंच्या बाबतीत मीही फसले होते.

माझी धाकटी बहीण सत्तरीची. तिच्या डाव्या छातीतली गाठ काढली आणि डॉक्टरांनी सांगितलं, लाल औषधाचे चार डोस, दर तीन आठवड्यांनी एक. धाकटी म्हणजे माझ्या नाटक मंडळीची शिंपीण. राणीपासून भिकारणीपर्यंत मी जे जे अंगावर घातलं ते सगळं तिच्या उजव्या हाताखालून गेलेलं. लग्न तिनं केलं नाही, मी केलेलं टिकलं नाही, तेव्हा म्हातारपणी दोघी एका घरात. ती बोलत नाही, मी थांबत नाही, त्यामुळे आमचं छान जमतं.

वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर होता. हिरव्या रेक्झिनच्या नऊ खुर्च्या, मागे रेलणाऱ्या. एकीच्या हाताला चिकटपट्टी लावलेली. खिडकीतून समोर धोबीखान्याचं छप्पर. एक ट्रॉली, जिचं एक चाक आपल्या मनानं चालायचं. आणि त्या सगळ्यातून तीन पायांचं लोखंडी स्टूल पायानं ढकलत येणारी ती बाई. ठेंगणी, चापून बसवलेले केस, चष्मा दोरीला. वॉर्डातले मामा तिला 'रेडिओ' म्हणायचे. "आज रेडिओ लवकर लागला वाटतं," असं म्हणत ते फरशी पुसायचे.

"मावशी, नाव सांगा. पूर्ण. आणि जन्मतारीख."

धाकटी म्हणाली, "कागदावर आहे की."

"कागद मेला कशालाच नाही म्हणत नाही. तुम्ही सांगा."

धाकटीनं सांगितलं. मग बाईंनी दुसऱ्या नर्सला बोलावून पिशवीवरचं नाव, औषध, माप दोघींनी मोठ्यानं वाचलं. सुई लावली. सलाईन सुरू केलं. मग ते लाल औषध, जाड नळकांडीसारख्या सिरिंजमध्ये भरलेलं, सरबतासारखं दिसणारं. ते यंत्रानं नाही सोडत. नर्स शेजारी बसते आणि अंगठ्यानं थोडं थोडं ढकलते.

बाई स्टुलावर बसल्या आणि सुरू झाल्या.

"शिवता म्हणे तुम्ही. नाटकाचे कपडे? मग एक सांगा मावशी, ऐन प्रयोगात कधी काही फाटलंय?"

धाकटी आधी नुसती हसली. बाईंनी सोडलं नाही. "कुणाचं फाटलं? या मोठ्या मावशींचं? सांगा ना, त्या काय करणार आहेत, तुमचा एक हात माझ्याकडे आहे."

आणि माझी मुखदुर्बळ बहीण चक्क बोलायला लागली. राणीच्या पोशाखाची मागची शिवण शेवटच्या अंकात कशी उसवली, आणि मग ही बया विष पिऊन मरताना पाठ दिसू नये म्हणून खेकड्यासारखी आडवी आडवी कशी सरकत मेली, ते सगळं.

"टाळ्या पडल्या होत्या," मी म्हणाले.

"हशा पडला होता," धाकटी म्हणाली. "टाळ्या नंतर, दयेच्या."

नऊच्या नऊ खुर्च्या हसल्या. नळ्या लावलेले, डोक्याला रुमाल बांधलेले लोक, पण हसले. बाईही हसल्या. मात्र मला एक गोष्ट खटकली. एवढं खोदून खोदून विचारणारी ही बाई धाकटीच्या तोंडाकडे एकदाही बघत नव्हती. मान खाली. समोरच्याकडे न बघता बोलणारी माणसं मला आवडत नाहीत. म्हटलं, झालं, वेळ काढायला तोंड चालवणारी दिसतेय.

निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "उद्यापर्यंत लघवी लाल होईल हो त्यांची. औषधाचा रंग आहे, रक्त नव्हे. तुम्ही नाटकातल्या, एकदम किंचाळाल, म्हणून तुम्हाला सांगतेय."

त्याच संध्याकाळी त्या मला बसथांब्यावर भेटल्या. मी धाकटीला रिक्षातून घरी सोडून औषधं घ्यायला परत आले होते. म्हटलं चला, गप्पांना माणूस मिळालं. मी हवेबद्दल बोलले, त्या म्हणाल्या, "हं." मी त्यांच्या कामाचं कौतुक केलं, त्या म्हणाल्या, "असतं ते." मी मुलाबाळांचं विचारलं, त्या म्हणाल्या, "एक आहे. बाहेर." वीस मिनिटं. माझ्या सगळ्या कारकिर्दीत एवढं थंड प्रेक्षागृह मी पाहिलं नव्हतं. शेवटी त्यांचे यजमान दुचाकीवरून घ्यायला आले. कुलपं दुरुस्त करायचं दुकान होतं त्यांचं. माझा चेहरा बघून त्यांना अंदाज आला असावा.

"बोलली नाही ना? नाहीच बोलायची. अर्ध्या शहराची कुलपं उघडली मी, घरातलं हे एक उघडत नाही."

"चला आता," एवढं म्हणून बाई मागे बसल्या आणि गेल्या.

मला राग आला. म्हटलं, रुग्णांसमोर तेवढा रेडिओ, आणि नातेवाइकांसाठी बंद.

दुसऱ्या डोसाच्या आधी धाकटीचे केस गेले. मी माळ्यावरची पेटी काढून नाटकातले सगळे केसांचे टोप तिच्यापुढे मांडले. ती म्हणाली, "ताई, राणी होऊन भाजी आणायला गेले तर भाव जास्त लावतील." आणि रुमाल बांधून आली.

बाईंनी नाव विचारलं, तारीख विचारली, स्टूल ओढलं, अंगठा सुरू झाला. तोंडही. या वेळी विषय होता बटणं. काज आधी की बटण आधी? धाकटी त्या विषयावर तासभर बोलू शकते हे मला सत्तर वर्षांत ठाऊक नव्हतं. ती बोलत होती, "हाडाचं बटण असेल ना, तर दोरा आधी मेणातून..."

आणि थांबली.

दीड-दोन सेकंद असतील. बाईंचा अंगठा जागच्या जागी थिजला. "मावशी? काय होतंय?"

"काही नाही. चालू द्या."

"जळतंय?"

"थोडंसं. औषधच आहे, जळणारच."

बाईंनी सिरिंजचा दट्ट्या अलगद मागे ओढला. नळीत रक्त यायला हवं होतं, आलं नाही. मग जे झालं ते इतकं शांतपणे झालं की शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांना कळलंही नाही. सुई तशीच ठेवून त्यांनी आतलं जेवढं निघेल तेवढं ओढून घेतलं, डॉक्टरांना बोलावलं, हाताभोवती पेनानं एक गोल काढला, थंड पिशवी ठेवली. मग कितीतरी वेळ तो हात त्या आपल्या दोन तळव्यांत धरून बसल्या. दुसरी शीर शोधून उरलेलं औषध द्यायला पाऊण तास गेला.

त्या पाऊण तासात, मी विचारलं म्हणून, त्यांनी सांगितलं. एका दमात नव्हे. माझ्याशी बोलताना त्या परत बसथांब्यावरच्या झाल्या होत्या.

हे लाल औषध शिरेत असतं तोवर औषध. शिरेच्या बाहेर सांडलं तर ते आतलं मांस जाळतं. आज लाली दिसते, आठवड्यानं फोड, महिन्यानं खड्डा. बाई नव्या होत्या तेव्हा एक सुतार यायचा. धिप्पाड, शांत, नमस्कार करून बसणारा. त्या तेव्हा मुळीच बोलत नसत. तो बोलत नसे. दोघांचं बरं चाललं होतं. एकदा औषध ढकलताना तो खिडकीबाहेर बघत राहिला. संपल्यावर म्हणाला, "थोडं जळलं, पण म्हटलं सिस्टरना कशाला त्रास." त्या हातानं त्यानं परत रंधा धरला नाही.

"तो रागावला नाही हो," बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी आला, दुसरा हात पुढे केला. म्हणाला, हा घ्या."

थोड्या वेळानं म्हणाल्या, "माणूस दुखलं तर सांगत नाही. लाजतो. पण बोलत असला तर दुखल्यावर बोलणं तुटतं. ते त्याच्या हातात नसतं. म्हणून बोलायला लावायचं."

"आणि तुम्ही तोंडाकडे बघत नाही..."

"कान आहेत ना तोंडासाठी. डोळे हातावर लागतात."

त्या खुर्च्यांमध्ये एवढी वर्षं रोजचा प्रयोग चालला होता, मुळात अबोल असलेली बाई बोलकीची भूमिका करत होती, आणि मी, एवढी नटी, मला ते कळलं नव्हतं! नंतर मी पाहिलं, त्यांच्या खिशातल्या वहीत प्रत्येक रुग्णापुढे एक-दोन शब्द लिहिलेले असत. 'कबुतरं.' 'जावई, जपून.' 'क्रिकेट नको, रडतात.' धाकटीपुढे होतं, 'शिवण. भरपूर.'

धाकटीच्या हातावर नखाएवढा डाग राहिला. बस, तेवढाच. आठवड्यानं ती सुईत दोरा ओवत होती.

तिसऱ्या डोसाला गेलो तर स्टूल नव्हतं. एकही नव्हतं. बाई एक गुडघा फरशीवर टेकून, दुसऱ्यावर कोपर ठेवून औषध ढकलत होत्या. चोपन्न वर्षांची बाई.

"हे काय?" मी मामांना विचारलं.

मामा पोछा पिळत म्हणाले, "नवे साहेब आलेत व्यवस्थापक. घड्याळ घेऊन हिंडतात. बसलेली नर्स बघून लोकांना वाटतं काम नाही, म्हणे. स्टुलं गोदामात."

या साहेबांनी एक तक्ता केला होता. प्रत्येक कामापुढे मिनिटं. रक्तदाब, दोन. सुई, पाच. लाल औषध, सहा. कुणी ठरवली ही सहा मिनिटं? ज्यानं आयुष्यात कुणाच्या शिरेत पाण्याचा थेंब सोडला नाही त्यानं! कॅमेऱ्यात बघितलं, बाकीच्या नर्सेसना किती लागतात आणि हिला किती, भागाकार केला आणि मोकळा. आणि त्याच दिवशी, धाकटीचं औषध संपताच, गुडघा झटकत उभ्या राहिलेल्या बाईंना शिपायानं तो कागद आणून दिला.

पुढच्या आठवड्यात चौकशी. आम्हा दोघी बहिणींना साक्षीला बोलावलं. का? तर पुरावा म्हणून आमचाच दिवस निवडला होता. दुसरा डोस. एकाच खुर्चीपाशी, साहेबांच्या हिशोबानं, एकोणसाठ मिनिटं बसून गप्पा. ज्या दिवशी तिनं माझ्या बहिणीचा हात वाचवला, तोच दिवस तिच्या गळ्यात बांधायला घेतला होता.

खोलीत लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर पडदा. साहेब चाळिशीचा, नीटनेटका, आवाज मऊ. शेजारी मेट्रन. ती आणि बाई एकाच वर्षी नर्सिंग शिकलेल्या. मेट्रननं सगळा वेळ पेनाचं टोपण काढलं आणि लावलं.

मी उभी राहिले. बोलले. काय बोलले म्हणून सांगू! माणुसकी म्हणाले, आईची माया म्हणाले, मरणाच्या दारात उभ्या असलेल्यांना धीर देणारे चार शब्द म्हणाले. आवाज कुठे चढवायचा, कुठे खर्जात न्यायचा, सगळं जागच्या जागी. शेवटच्या वाक्याला माझ्याच डोळ्यांत पाणी.

साहेबानं मान हलवली. "अगदी खरंय, मॅडम. म्हणूनच आपण समुपदेशक नेमलेत. मंगळवार आणि शुक्रवार. धीर देण्याचं काम त्यांचं. नर्सचा वेळ त्यात जायला नको, एवढंच तर म्हणणं आहे."

माझ्याच भाषणानं मी बाईंना आणखी खड्ड्यात घातलं होतं.

"मोठ्या मावशी, बसा," बाई हळूच म्हणाल्या. मग साहेबाकडे वळल्या. "मी धीर देत नव्हते."

"मग काय करत होतात?"

"तुम्ही चित्र लावा ना ते. तोंड बघितलंत तुम्ही. आता हात बघा."

पडद्यावर आमचा दिवस लागला. आवाज नाही. मुक्या चित्रात दोन बायका तोंडं हलवताहेत, हसताहेत. बघणाऱ्याला वाटावं, विहिरीवरच्या गप्पा. पण आता हात बघायचे होते. बाईंच्या डाव्या हाताची दोन बोटं धाकटीच्या मनगटाच्या वर टेकलेली, ती एकदाही उचलली गेली नव्हती. उजवा अंगठा किंचित पुढे, किंचित मागे. नजर खाली. धाकटीचं तोंड हलतंय, हलतंय, थांबलं. अंगठा थांबला.

साहेबानं ते परत लावलं. परत लावलं. मला वाटलं, जिंकलो.

"हे तुम्ही उत्तम हाताळलंत," तो म्हणाला. "तसं नोंदवतो. पण हे एकदाच झालं. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस ज्या गप्पा होतात, त्यांचं काय?"

मी खुर्चीवरून उठणार होते. धाकटीनं माझा पदर धरून खाली ओढलं.

बाई म्हणाल्या, "साहेब, कुठल्या दिवशी होणार ते आधी कळलं तर मी बाकीचे दिवस गप्प बसेन. मला तेच आवडेल."

मेट्रनच्या हातातलं टोपण टेबलावर पडलं.

साहेब म्हणाला, "मी तुमची बदली करू इच्छित नाही. सही करा, विषय संपवू."

"करते. बसते हे कबूल, बोलते हे कबूल. तो एक शब्द खोडा. अनावश्यक."

"तो नमुन्यातला शब्द आहे. छापील आहे. खोडला तर नमुना बाद होतो."

"मग मी कशी करू सही?"

"एका शब्दानं काय होतं?"

"उद्या नव्या पोरीला तुम्ही हाच कागद दाखवाल. म्हणाल, बघ, तुझ्या सिस्टरनंच लिहून दिलंय. ती गप्प उभी राहील. सहा मिनिटांत औषध संपवेल. समोरचाही गप्प बसेल. चांगली माणसं गप्पच बसतात, साहेब."

सही झाली नाही. बाहेर व्हरांड्यात मेट्रननं बाईंचा दंड धरला. "माझ्यासाठी तरी करायचीस."

"आत बोलली असतीस तर केली असती," बाई म्हणाल्या. मेट्रनला मी वाईट म्हणत नाही. तिच्याही वर कुणीतरी घड्याळ घेऊन बसलेलं असणार. पण त्या दिवशी मला तिचा जो संताप आला, तो अजून गेलेला नाही.

सोमवारी बाई तळघरात गेल्या.

चौथा डोस. वॉर्डात भिंतीवर पाटी लागली होती, 'कृपया कर्मचाऱ्यांशी अनावश्यक संभाषण टाळावे.' आमच्या वाट्याला चोवीस-पंचवीस वर्षांची नर्स आली. ओठ घट्ट मिटलेले, उभी. नाव विचारलं, तारीख विचारली, दुसरीबरोबर पिशवी वाचली. तेवढं बोलायला परवानगी असावी. मग लाल सिरिंज जोडली आणि तिची नजर एकदा कॅमेऱ्याकडे गेली.

धाकटी म्हणाली, "ताई, जरा सरक. पोरीला हात नीट दिसत नाहीये." आणि मग, त्या मुलीला, "तू बोलू नकोस हं बाळ. पाटी आहे. ती तुझ्यासाठी आहे. मला कुणी पगार देत नाही, मी बोलते."

आणि बोलायला लागली. माझ्या अख्ख्या कारकिर्दीचे तिनं धिंडवडे काढले. कुठल्या प्रयोगाला मी चुकीच्या अंकात प्रवेश केला, कुठल्या नटाच्या मिशीचा अर्धा भाग माझ्या गालाला चिकटून आला. मुलीचे ओठ मिटलेलेच, पण कोपरे थरथरत होते. शेजारचे आजोबा, ते कबुतरंवाले, त्यांच्याही हाताला सुई होती. तेही आपल्या नर्सला कबुतरांची नावं सांगायला लागले. त्यापलीकडच्या बाई जावयावर घसरल्या. सगळा वॉर्ड बोलत होता, आणि नर्सेस तेवढ्या मुक्या उभ्या होत्या.

"...आणि तो दिग्दर्शक, तो टकलू, काय बरं त्याचं..." धाकटी म्हणाली, आणि थांबली.

मुलीचा अंगठा थांबला.

मी श्वास घ्यायच्या आत थांबला. तिनं दट्ट्या मागे ओढला, नळीत रक्त आलं, छान लाल. "मावशी, काय होतंय? जळतंय?"

"नाही ग. आडनाव आठवत नाही मेल्याचं."

मुलीनं डोळे मिटले, उघडले. "प्लीज," ती कुजबुजली, "आठवत नसेल तर नुसतं अंअं करत राहा. गप्प नका होऊ." मग पुन्हा अंगठा चालू. चौदा मिनिटं लागली.

डोस संपल्यावर धाकटीला खुर्चीत बसवून मी तळघरात गेले. पांढरे दिवे, वाफेचा वास, फळ्यांवर कागदी पाकिटांच्या चळती. बाई एकट्याच, कात्र्या आणि चिमटे पाकिटांत घालून कडा बंद करत होत्या. टेबलाच्या कोपऱ्यावर तोच छापील कागद. मेट्रन सकाळीच परत ठेवून गेली होती. सही केली तर उद्यापासून वर.

"इथे बरं आहे हो," बाई म्हणाल्या. "बोलावं लागत नाही."

त्यांनी आणखी दोन पाकिटांच्या कडा बंद केल्या. मग म्हणाल्या, "करावी म्हणतेय सही. वर आज तिघं आहेत लाल औषधाचे. ती पोर एकटी. मी तिला जाताना एवढंच सांगितलं होतं, समोरचा गप्प झाला की आधी हात थांबव, मग विचार. पण सांगणं वेगळं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी तोंडाकडे. "मावशी थांबल्या का कुठे?"

"थांबली."

"मग?"

मला त्या क्षणी खोटं बोलता आलं असतं. पोरीचा अंगठा नाही थांबला म्हटलं असतं तर बाईंनी सही केली असती आणि उद्या वर आल्या असत्या. मला त्या वर हव्या होत्या. देवाशपथ हव्या होत्या.

"पोरीचा अंगठा थांबला," मी म्हणाले.

"किती वेळानं?"

"लगेच."

"लगेच म्हणजे?"

"मला कळायच्या आधी."

"मागे ओढून बघितलं?"

"बघितलं. रक्त आलं. मग सुरू केलं. चौदा मिनिटं घेतली."

बाईंनी चष्मा काढला, साडीच्या टोकानं पुसला, परत घातला. मग तो कागद उचलून माझ्या हातात दिला. "जाता जाता साहेबांच्या टेबलावर ठेवाल? सही नाही म्हणावं." आणि पुढचं पाकीट घेतलं.

शहात्तराव्या वर्षी मी चार जिने चढले. लिफ्टसाठी थांबले असते तर वाटेत शांत झाले असते. साहेब खोलीतच होता. कागद त्याच्यापुढे ठेवला.

"सही नाही," मी म्हणाले. "आणि ऐका. तुमच्या नव्या नर्सनं आज सहाच्या जागी चौदा मिनिटं घेतली. माझ्या बहिणीचा हात शाबूत आहे. आता तिलाही छापा एक कागद!"

त्यानं शांतपणे वही ओढली, पेन उघडलं आणि विचारलं, "कुठली खुर्ची होती, मॅडम?"

दुसऱ्यांदा! दुसऱ्यांदा माझ्या तोंडानं घात केला होता. ती पोर वर ओठ मिटून उभी, आणि मी टाळीच्या वाक्यासाठी तिचं नाव याच्या वहीत लिहायला निघाले होते.

"नाही सांगत," मी म्हणाले.

"काही हरकत नाही, कॅमेऱ्यात दिसेल."

"मग लावा," मी म्हणाले. त्याच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसले. "आत्ता लावा. पूर्ण चौदा मिनिटं. पुढे ढकलायचं नाही, मधलं गाळायचं नाही. मी शेजारी बसते."

"मॅडम, मला मीटिंग आहे."

"असू दे," मी म्हणाले. "लावा."